लाल अल्बम न ऐकता जोखावा कसा

गेल्या रविवारी आमच्या घरी एका थोर समीक्षकाचे पाय लागले. ते समीक्षक आहेत हे मला आधी ठाऊक नव्हतं. मी त्यांना सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या कमिटीवरचे म्हणून ओळखत होतो. पण मुलीने लंडनहून आणलेला बीटल्सचा लाल अल्बम, '1962–1966', मी प्लेअरवर चढवला आणि पहिलं गाणं धड सुरू होतंय न होतंय तोच त्यांच्यातला जाणकार जागा झाला. अडीच तास तो जागाच होता. पुढे दोन रात्री मी जागा होतो. त्या जागरणात जे ज्ञान हाती लागलं ते एकट्याने पचवणं शक्य नाही, म्हणून वाटतोय. जुन्या रॉक बँडच्या सुरुवातीच्या काळातल्या गाजलेल्या गाण्यांचा संच तुमच्या समोर आला, तर चारचौघांत त्याचा निकाल कसा लावायचा, ते नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट, ऐकायचं नाही. ऐकलं की मत बिघडतं.

अल्बम हातात घेतला रे घेतला की उलटा करा. मागे यादी असते. पुढच्या फोटोत काही नाही. चार पोरं ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या लंडनमधल्या मँचेस्टर स्क्वेअरच्या इमारतीत जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून बघताहेत, चाळीत खाली भांडण जुंपलं की बघतात तशी. फोटो अँगस मॅकबीनचा, 1963 सालचा. 1969 साली त्याच जिन्यात त्याच चौघांना त्याच फोटोग्राफरने पुन्हा उभं केलं, तो फोटो पुढच्या वर्षांतल्या गाण्यांच्या निळ्या अल्बमवर आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर सहा वर्षांत माणसाच्या चेहऱ्याचं काय होतं ते बघत बसावंसं वाटतं. पण तुम्ही बसू नका. तुम्हाला यादी बघायची आहे.

यादीवरून बोट फिरवत जे नाही ते शोधा. पंगतीत सव्वीस पदार्थ वाढले असले तरी 'मठ्ठा दिसत नाही' असं म्हणणाऱ्याकडेच यजमान धावत येतो, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. 1973 साली हा संच पहिल्यांदा निघाला तेव्हा त्यात 26 गाणी होती आणि न घेतलेल्यांबद्दल बोलण्यासारखं खरोखरच पुष्कळ होतं. सगळी 26 चौघांपैकी लेनन-मॅकार्टनी या जोडीची. चौघांतल्याच जॉर्ज हॅरिसनने लिहिलेलं एकही नाही. दुसऱ्यांची जी गाणी हे लोक सुरुवातीला स्टेजवर जीव तोडून गायचे, त्यांतलंही एक नाही. 'रिव्हॉल्व्हर'सारख्या अल्बममधून फक्त दोन, 'एलनॉर रिग्बी' आणि 'यलो सबमरीन'. ही तक्रार माझीही आहे, चाळीस वर्षांपासूनची. 2023 च्या आवृत्तीत ती बरीचशी मिटवली. आणखी 12 गाणी घालून एकूण 38 केली. हॅरिसनची दोन आली, 'टुमॉरो नेव्हर नोज' आलं, 'ट्विस्ट अँड शाउट' आलं.

आमच्या समीक्षकांची नेमकी तक्रार काय होती? 'ट्विस्ट अँड शाउट' नाही, ही. मुलीने आणलेली हीच नवी आवृत्ती, आणि ते गाणं असलेली तिसरी तबकडी त्यांच्या मांडीवर होती. तिच्यावर चिवड्याची बशी होती.

तेव्हा नियम असा, की यादी वाचायची, पण पूर्ण नाही.

यानंतर किंचित हसून म्हणावं, 'हे काय, धंद्यासाठी काढलेलं.' हे वाक्य कुठल्याही संचाला चालतं. आता त्या वेळी अमेरिकेत टीव्हीवर जाहिरात करून बीटल्सच्या गाण्यांचा चार तबकड्यांचा एक चोरटा संच विकला जात होता, त्याला उत्तर म्हणून घाईने हे लाल आणि निळे अधिकृत संच काढले गेले, त्यामागे त्यांचा तेव्हाचा मॅनेजर ॲलन क्लाइन होता, हे सगळं खरं आहे. धंदा होताच. बाकीच्या तबकड्या काय देवळाच्या जीर्णोद्धारासाठी निघतात? खरं तर धंद्याबद्दल बोलायचंच, तर एक सणसणीत मुद्दा होता. 1993 साली लाल अल्बमची सीडी आली. सगळी गाणी मिळून जेमतेम 63 मिनिटं. एका सीडीत आरामात मावली असती. विकली दोन सीड्यांत, दोन सीड्यांच्या भावाने. यावर बोलला असतात तर मी उठून दुसरा चहा टाकला असता. पण त्यासाठी माहिती लागते आणि मिनिटांची बेरीज करावी लागते.

'मोनो' हा शब्द दर दहा मिनिटांनी वापरा. अर्थ कोणी विचारत नाही.

'रिमिक्स म्हणजे भेसळ' हेही पाठ करून ठेवा. त्या काळातली सुरुवातीची गाणी दोन ट्रॅकच्या टेपवर होती. स्टीरिओ केलं की गाणारे एका कानात आणि वाजवणारे दुसऱ्या कानात, मध्ये मोकळं मैदान. 2023 साठी जाइल्स मार्टिनने, म्हणजे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मुलाने, एकाच ट्रॅकमध्ये गुंतलेले आवाज मशीनच्या मदतीने सुटे करून ती पुन्हा मांडली. मला सगळंच पटलंय असं नाही. काही ठिकाणी ड्रम्स उगाच पुढे येऊन बसलेत, फोटोत काकांनी बसावं तसे. पण हे कळायला आधी जुनं ऐकलेलं असावं लागतं. तुम्ही 'भेसळ' म्हणा आणि चिवडा घ्या.

'लव्ह मी डू'चा विषय निघाला तर खंजिरीबद्दल बोला. हे गाणं दोन तऱ्हांनी मिळतं, एकात ड्रम्सवर चौघांतला रिंगो आहे, दुसऱ्यात अँडी व्हाइट नावाचा स्टुडिओतला वादक, आणि रिंगोच्या हातात खंजिरी. खंजिरी ऐकू आली की तो अँडी व्हाइट. हे सांगायला छान वाटतं. मीच सांगतो नेहमी.

सतार ऐकू आली की छाती पुढे काढावी. 'नॉर्वेजियन वूड', 1965. हॅरिसनने तेव्हा नुकतीच सतार हातात घेतली होती आणि ते ऐकू येतं. पंडित रविशंकरांकडे तो नंतर शिकला. 1966 च्या सप्टेंबरात त्यासाठी मुंबईत ताजमध्ये येऊन राहिला होता. पण एवढ्या खोलात कशाला? 'शेवटी आपल्याकडेच यावं लागतं त्यांना' म्हणा, कोणीतरी मान हलवतंच. घरात सतारीची एक तरी कॅसेट आहे का, असं मात्र तुम्हाला विचारू देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. संच कोणताही असो, 'ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे नवशिक्यांचं काम, खरा रसिक मूळ अल्बमच ऐकतो' हे म्हटल्याशिवाय उठायचं नाही. आमच्याकडे हे दोनदा म्हटलं गेलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

बरोबर आहे, मी नवशिका. 1984 साली मी अकरावीत होतो आणि दादरला एक रेकॉर्डिंगचं दुकान होतं. तिथे भिंतीला टेकून एलपी उभ्या असायच्या, तुम्ही बोट दाखवायचं, कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. मी लाल अल्बमकडे बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, 'नाइंटीची आण, सिक्स्टीत मावायचं नाही.' माझ्याकडे पैसे सिक्स्टीचे, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटचे. त्याने खांदे उडवले आणि भरून दिली. एका बाजूला पहिली एलपी, दुसऱ्या बाजूला दुसरी. त्यामुळे 'यस्टरडे'च्या शेवटी पॉल मॅकार्टनी नुसताच गुणगुणतो, ते माझ्याकडे नव्हतंच. तिथे टेप संपायची, खट्ट करून बटण वर यायचं. दुसऱ्या बाजूला 'यलो सबमरीन' शेवटच्या कोरसमध्ये रोज त्याच जागी बुडायची. यादी मी वहीच्या कागदावर उतरवली होती, 'एलनॉर'चं स्पेलिंग चुकवून. बी.कॉम. होईपर्यंत ती कॅसेट वाजली. एकदा फीत अडकली, ती पेन्सिल घालून गुंडाळली, तेव्हापासून 'मिशेल' मध्येच थोडी बुडबुडायची. आजही ते गाणं स्वच्छ लागलं की मला काहीतरी चुकल्यासारखं होतं. 'रबर सोल' आणि 'रिव्हॉल्व्हर' पूर्ण ऐकायला मिळाले ते नोकरी लागल्यावर, पगार हातात आल्यावर. म्हणजे सात-आठ वर्षं माझ्यापुरते बीटल्स एवढेच होते, सिक्स्टीच्या कॅसेटमध्ये मावतील तेवढे. मूळ अल्बम ऐका म्हणे! कोण देत होतं, काका? तुम्ही देत होतात?

असो. शांतपणे सांगतो.

शेवटचा नियम, गाणं चालू असताना बोलत राहायचं. आणि बोलण्याचंही एक शास्त्र आहे. शब्द चालू असताना बोललात तर लोक 'श्श' करतात. म्हणून जिथे गायक थांबतो आणि नुसतं वाद्य वाजतं ती जागा पकडायची. दुसऱ्या तबकडीची दुसरी बाजू, तिसरं गाणं, 'इन माय लाइफ'. मध्ये पियानोचा एक तुकडा येतो, जेमतेम वीस सेकंदांचा. तो बीटल्सपैकी कोणी वाजवलेला नाही, जॉर्ज मार्टिननी वाजवलाय. मनात होतं त्या वेगात त्यांना वाजवता येईना, म्हणून टेप निम्म्या वेगाने चालवून, एक सप्तक खाली, सावकाश वाजवला. टेप मूळ वेगाला आणल्यावर तो दुप्पट वेगाने पळायला लागला आणि त्याला जुन्या दरबारी वाद्यासारखा टणत्कार आला. 1965 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी रविवारी सकाळपासून त्या वीस सेकंदांची वाट बघत होतो. नवीन आवृत्तीत ते कसे वाजतात ते मला ऐकायचं होतं. मुलीने सुई नेमकी पुसून ठेवली होती. पियानो सुरू झाला आणि समीक्षक म्हणाले, 'ही हार्मोनियम आहे का हो?' उत्तराची वाट न बघता त्यांनी खिशातून फोन काढला आणि 'थांबा, हेच गाणं फोनवर कसं वाजतं दाखवतो' म्हणून, माझी तबकडी फिरत असताना, स्पीकर मोठा करून लावलं. आधी गृहकर्जाची जाहिरात वाजली.

मी काही बोललो नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातली बशी काढून घेतली.

'यलो सबमरीन' अजून यायची होती, तिसरी तबकडी पाकिटातून निघालीसुद्धा नव्हती, आणि सोसायटीच्या ग्रुपवर निकाल येऊन पडला. 'बीटल्सचा जुना संच ऐकला. सगळी गाणी सारखीच. ओव्हररेटेड.' खाली अंगठे, नमस्कार, एका काकूंचे 'सुप्रभात'.

सारखीच? अहो, 'लव्ह मी डू' 1962 च्या ऑक्टोबरातलं. माउथ ऑर्गन, गिटारी, आणि 'माझ्यावर प्रेम कर' यापलीकडे त्यात शब्द नाहीत. 'एलनॉर रिग्बी' 1966 च्या ऑगस्टमधलं. चार व्हायोलिनं, दोन व्हियोला, दोन चेलो, चौघांपैकी एकाच्याही हातात वाद्य नाही, आणि गाणं कशावर, तर चर्चमध्ये एकटीच मरून गेलेल्या एका बाईवर, जिच्या अंत्यविधीला कोणी आलं नाही. मध्ये चार वर्षंसुद्धा नाहीत. आपल्या सोसायटीच्या टाकीचं काम सहा वर्षं चाललंय. हा संच काढण्यामागचे हेतू काहीही असोत, गाणी लावलीत ती जवळजवळ जशी आली त्या क्रमाने लावलीत, आणि एका दुपारी एका जागी बसलात तर त्या पोरांची चाल कानांना कळते. एवढंच तर काम आहे या अल्बमचं! नव्या एलपीत त्याचीच माती केलीय. वाढीव बाराच्या बारा गाणी उचलून तिसऱ्या तबकडीवर टाकलीत, म्हणजे 'यलो सबमरीन' संपली की माणूस पुन्हा 1963 मध्ये जाऊन पडतो. सीडीवर तीच गाणी आपापल्या जागी आहेत. टीका करायचीच होती तर ही करायची होती. पण त्याला तिसरी तबकडी लावावी लागते. बशी उचलावी लागते.

आणि 'ट्विस्ट अँड शाउट' नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनो, ते गाणं कसं झालंय माहीत आहे? 11 फेब्रुवारी 1963. एका दिवसात दहा गाणी रेकॉर्ड केली, हे सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण लेननला सर्दी होती, घसा बसत आला होता, आणि हे आधी गायला असता तर बाकीचं गाता आलं नसतं. ऐकताना घसा फाटतोय ते ऐकू येतं. माणूस तिकडे घसा फाडून गातोय आणि तुम्ही इकडे त्याच्यावर चिवडा ठेवताय. लाज वाटत नाही? नाही ऐकायचं तर नका ऐकू, जबरदस्ती नाही, तुमच्या घरी टीव्ही आहे. नाही आवडलं तर तसं सांगा, मी भांडणार नाही, माझ्या सख्ख्या भावाला बीटल्स आवडत नाहीत आणि आम्ही एका ताटात जेवतो. त्याने पूर्ण ऐकलेत. पण दोन गाणी ऐकायची, यादी अर्धी वाचायची, मध्येच फोन वाजवायचा आणि वर निकाल द्यायचा, हे माझ्या घरात पुन्हा चालणार नाही.

तिसरी तबकडी या रविवारी पाच वाजता लावणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी या. फोन बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवायचा. चहा बाजू उलटताना मिळेल, त्याच्या आधी मागू नये. चिवडा केलेला नाही.