पट्टी बदलली म्हणजे झालं असं नाही
घोड्याच्या खोगिरावरच्या लेखात म्हटलंय, पुढची गलेट पट्टी (खोगिराची पुढची रुंदी ठरवणारी आतली कमान) बदलता येणारं खोगीर घेतलं की फिटिंगची कटकट संपली. अहो, पट्टीने फक्त पुढची रुंदी बदलते; पाठीवर टेकणाऱ्या गाद्यांचा आकार तोच राहतो. माझी मारवाडी घोडी पावसाळाभर बसून होती, पाठीचं मांस उतरलं, खोगीर रुंद पडायला लागलं. मी आपली जुनीच रुंद पट्टी ठेवून जाड नमदा (खोगिराखालची गादी) घातला. चूक माझीच! महिन्याभराने एकदा फेरीनंतर खोगीर काढलं तर सगळी पाठ घामाने ओली, पण खांद्यामागे दोन्हीकडे तळहाताएवढे कोरडे ठिपके. म्हणजे दाब तिथेच येत होता, म्हणून तिथे घाम आला नाही. आता तिथे पांढरे केस आलेत. हल्ली नमद्याशिवाय खोगीर ठेवून, तंग (पोटाखालचा पट्टा) आवळून, वर बसल्यावर पुढे खोगीर आणि पाठीच्या मध्ये दोन-तीन बोटं जातात का, ते दुसऱ्याला बघायला लावते.