तुझा मालक कोण?

आमच्या वस्तीतला एक मुलगा, आयटीआय झालेला, दोन वर्षांपासून नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला जातो. गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला, कारण त्याचे आणि त्याच्यासोबतच्या नऊ जणांचे ओव्हरटाइमचे पैसे तीन महिन्यांपासून मिळालेले नव्हते. मी नेमणूकपत्र मागितले, ते त्याला कधी दिलेलेच नव्हते. पगाराची चिठ्ठी मागितली, तीही नव्हती. बँकेत पैसे जमा झाल्याचा मोबाइलवरचा संदेश तेवढा होता, आणि त्यात ज्या फर्मचे नाव होते तिचे कार्यालय त्याने कधी पाहिलेले नव्हते. शेवटी मी विचारले, "बाबू, तुझा मालक कोण?" तो म्हणाला, "काका, गेटवर बोर्ड कंपनीचा आहे, हजेरी सुपरवायझर घेते, पैसे ठेकेदार टाकते. मालक कोणाले म्हणू जी मी?"

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षे फिटर होतो आणि त्यांपैकी चौदा वर्षे आमच्या युनियनचा खजिनदार होतो. या मुलाच्या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही, कारण त्याच्या उत्तरात माझाही हात आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी आधी युनियन म्हणजे काय हे मुळापासून सांगावे लागेल. आपल्याकडे युनियन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर संप, घोषणा आणि हिवाळी अधिवेशनात विधानभवनावर येणारे मोर्चे एवढेच येते. मोर्च्यामुळे सीताबर्डीची वाहतूक वळवली की शहर कंटाळते, हे मला समजते. पण संप हा या कामाचा फार लहान भाग आहे. माझ्या चौदा वर्षांत आम्ही एकदाच संप केला आणि तो नऊ दिवस चालला. उरलेला सगळा काळ सदस्यत्वाच्या पावत्या फाडणे, हजेरीपट तपासणे, मागणीपत्र लिहिणे आणि टेबलावर बसून बोलणे यातच गेला.

एकटा कामगार आणि मालक यांच्यात जो करार होतो तो कागदावर दोन समान पक्षांचा असतो, पण एका पक्षाला उद्याची चूल पेटवायची असते आणि दुसऱ्याला नसते. ही तफावत भरून काढण्यासाठी कामगारांनी एकत्र येऊन एका तोंडाने बोलायचे, एवढीच युनियनची मूळ कल्पना आहे. आपल्या शहराला ती नवी नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथे मजुरीच्या दरावरून कामगारांनी काम थांबवल्याची नोंद आहे. भारतातल्या सुरुवातीच्या संपांत तिचा उल्लेख होतो. तेव्हा ना कायदा होता ना संघटना. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले ते त्यानंतर, १८८४ च्या सुमारास. आज त्या गिरणीच्या जागेवर मॉल उभा आहे आणि तिथे काम करणाऱ्या मुलामुलींपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, असा विचार तिथून जाताना दर वेळी माझ्या मनात येतो.

एकत्र येणे हाच एके काळी गुन्हा ठरू शकत होता, ही गोष्ट तरुणांना खरी वाटत नाही. १९१८ साली मद्रासमध्ये मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. तिथल्या बकिंगहॅम अँड कर्नाटक मिल्सच्या मालकांनी उच्च न्यायालयात जाऊन असा मनाई हुकूम मिळवला की, कामगारांना नोकरीचा करार मोडण्यास पुढाऱ्यांनी प्रवृत्त करू नये. म्हणजे 'पगार वाढेपर्यंत काम करू नका' असे सांगणारा माणूस कायद्याने दोषी ठरत होता आणि त्याच्यावर नुकसानभरपाईचा बोजा पडू शकत होता. कामगार नेते ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात हा प्रश्न लावून धरला आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. या कायद्याचे खरे मोल नोंदणीच्या प्रमाणपत्रात नाही. नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर, त्यांनी कायदेशीर मार्गाने कामगारांच्या हितासाठी एकत्र येऊन काही ठरवले म्हणून, फौजदारी कटाचा खटला चालवता येणार नाही आणि औद्योगिक वादात करार मोडायला लावल्याबद्दल दिवाणी दावाही चालणार नाही, हे त्याचे मोल आहे. सात माणसे नोंदणीसाठी अर्ज करू शकत. पुढे २००१ च्या दुरुस्तीने आस्थापनेतल्या दहा टक्के किंवा शंभर कामगारांची, यांपैकी जी संख्या कमी असेल तिची, अट आली, मात्र सातांपेक्षा कमी चालत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तिथेच बहुतेक नव्या कार्यकर्त्यांची फसगत होते. नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. नोंदणी झाली म्हणजे तुम्ही युनियन झालात. पण मालकाने तुमच्याशी बोललेच पाहिजे असे त्यातून निष्पन्न होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४३ साली, मालकाला मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक आणले गेले होते. त्या दिशेची दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूरही झाली, पण ती कधीच अमलात आणली गेली नाही. एवढ्या महत्त्वाच्या तरतुदीची अशी उपेक्षा व्हावी, याचे मला आजही वाईट वाटते. महाराष्ट्रात ही उणीव, युनियनला मान्यता देण्यासाठी आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्यासाठी केलेल्या १९७१ च्या कायद्याने भरून काढली. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगात, मागच्या सहा महिन्यांत किमान तीस टक्के सदस्यत्व राखलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू लागली.

मान्यतेचा प्रश्न कोरडा वाटतो, पण कामगार चळवळीतल्या मोठ्या जखमा याच प्रश्नाच्या आहेत: कामगारांच्या वतीने बोलणार कोण? १९२९ च्या अखेरीस आपल्या नागपुरातच जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटक, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, या देशव्यापी कामगार महासंघाचे अधिवेशन भरले आणि इथेच आयटक फुटली. मजुरांविषयीच्या व्हिटली आयोगावर बहिष्कार घालायचा की नाही आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर कोणाशी जोडून घ्यायचे, यावरून ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी आदी मंडळी बाहेर पडली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपात तर हा पेच टोकाला गेला. कायद्याने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे आणि लाखो कामगार दत्ता सामंतांच्या मागे, अशी स्थिती असताना तडजोड कोणाशी करायची याचे उत्तरच कायद्यात नव्हते.

मान्यता मिळाली की मागणीपत्र जाते, वाटाघाटी होतात आणि शेवटी करार होतो. आमच्या काळी प्रत्येक कामगाराला 'बारा-तीन' हा शब्द पाठ असे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मालक आणि युनियन यांनी आपसात केलेला करार फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना बांधत असे. पण कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर, कलम १२(३) खाली झालेला करार त्या आस्थापनेतल्या सर्व कामगारांना बांधत असे, मग ते युनियनचे सदस्य असोत वा नसोत आणि करारानंतर भरती झालेले का असेनात. म्हणून आम्ही साध्या सहीवर कधी समाधान मानले नाही. सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयाच्या पायऱ्या आम्ही चढायचो आणि समेट अधिकाऱ्याची सही घेऊनच उतरायचो.

आणि अशाच एका कराराने आमचा घात केला. २००३ च्या वाटाघाटीत व्यवस्थापनाने पॅकिंग आणि लोडिंग हे दोन विभाग ठेकेदाराकडे द्यायचे ठरवले. बदल्यात कायम कामगारांना चांगली पगारवाढ मिळणार होती आणि एकाही कायम माणसाची नोकरी जाणार नव्हती. आमच्या सभेत अर्धा तास चर्चा झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने उठून विचारले की, उद्या त्या विभागात जी पोरे येतील त्यांची पावती कोण फाडणार? त्याला आम्ही खाली बसवले. मी स्वतः म्हणालो होतो की, ते ठेकेदाराचे लोक आहेत, त्यांचे ते पाहतील. ते वाक्य मला जसेच्या तसे आठवते. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण ज्यांचे नुकसान होणार होते ती माणसे त्या सभेत नव्हतीच.

पुढे काय झाले ते माझ्या सदस्यत्वाच्या वहीत दिसते. निवृत्त होणाऱ्याच्या जागी कायम भरती झाली नाही, पॅकिंगनंतर मेंटेनन्सचे हेल्पर ठेक्यावर गेले, मग मशीनवरचे ऑपरेटरही. मी निवृत्त झालो तेव्हा गेटमधून आत जाणाऱ्या दर चार माणसांपैकी तीन ठेकेदाराची होती. आम्ही संपाची नोटीस दिली असती तरी उत्पादन थांबले नसते. व्यवस्थापनाला हे ठाऊक होते आणि शेवटच्या करारात पगारवाढीच्या आकड्यावर बोलताना त्यांनी ते आम्हाला सौम्य शब्दांत सांगितलेही.

तोवर त्या कंत्राटी मुलांसाठी कायद्याची वाटही अरुंद झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत असे ठरवले की, मालक-कामगार नातेच वादात असेल तर कामगाराने आधी ते नाते सिद्ध करून घ्यावे. तोवर १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार चालणार नाही. म्हणजे 'तुझा मालक कोण' याचे उत्तर मिळवण्यातच गरीब माणसाची उमेदीची वर्षे जाणार. आम्ही २००३ मध्ये करार केला तेव्हा हा निर्णय आलेला होता. युनियनच्या वकिलांनी तो आम्हाला समजावूनही सांगितला होता.

कायम नोकरी नसलेल्यांची संघटना होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी दोन नावे सांगतो. कामठीचे बाबू हरदास यांनी विडी कामगारांना संघटित केले. घराघरांत विखुरलेले, तुकड्यावर मजुरी घेणारे, मधल्या ठेकेदाराशिवाय मालकाचे तोंड न पाहिलेले हे लोक होते. आणि १९८० साली रूपा कुलकर्णी यांनी नागपुरात विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. एका बाईचे चार घरी काम, म्हणजे चार मालकिणी, आणि कारखान्याचे गेट नाही जिथे उभे राहून पत्रक वाटावे. तरीही संघटना झाली, आणि घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली आला. आम्ही तर एकाच शेडमध्ये, एकाच भोंग्यावर, त्याच कँटीनमध्ये त्या मुलांसोबत जेवत होतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळतो आणि तसे बहुमत कोणाचेच नसेल तर वाटाघाटी परिषद बनते. मान्यतेचा प्रश्न देशभरासाठी कायद्यात आला हे चांगले झाले. पण कामगारकपातीसाठी आणि कारखाना बंद करण्यासाठी लागणाऱ्या सरकारी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली, संपासाठी सर्वच उद्योगांत चौदा दिवसांची नोटीस सक्तीची केली आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप मानला. हिंगणा आणि कळमेश्वरच्या बहुतेक कारखान्यांत तीनशे कामगार नसतात, हे तिथे रोज जाणाऱ्या कोणालाही दिसते. माझ्या मते या बदलांनी मालकाची बाजू जड केली आहे. मात्र त्याच संहितांत नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे आणि ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची मूळ मालकाची जबाबदारी कायम आहे. ही दोन कलमे त्या मुलाच्या हातात आज आहेत.

मी त्याला सांगितले की, ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा, आणि ठेकेदाराने दिला नाही तर ज्याचा बोर्ड गेटवर आहे त्याच्याकडे तो मागायचा. तक्रार एकट्याच्या नावाने करायची नाही. दहाही जणांनी एकाच अर्जावर सह्या करायच्या. आणि कारखान्यातल्या कायम कामगारांच्या युनियनकडे जाऊन सदस्यत्वाची पावती मागायची. त्यांनी नाही म्हटले तर मला घेऊन जायचे. त्यांच्या समितीसमोर मी २००३ ची आमची सभा जशी झाली तशी सांगेन.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ते दहा जण माझ्या घरी येत आहेत. येताना आधार कार्ड, बँकेचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट, गेटपासची झेरॉक्स आणि ओव्हरटाइमच्या दिवसांची हाताने लिहिलेली नोंद आणायला सांगितली आहे. बुटीबोरी किंवा हिंगण्यात ठेक्यावर काम करणाऱ्या आणखी कोणाला यायचे असेल तर त्यांनी मला मेसेंजरवर कळवावे.