नानावटींना ‘राग अनावर झाला’ म्हणून कोर्टाने सोडलेलं नाही

संशयावरून बायकोचा किंवा तिच्या मित्राचा जीव घेतल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘नौदलाच्या कमांडर नानावटींनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. राग अनावर झाला होता, म्हणून कोर्टाने त्यांना सोडलं. कायद्यालाही नवऱ्याचा संताप कळतो.’ जीव गेलेल्या माणसाच्या घरचे हे वाचत असतील, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

कोर्टाने सोडलं? मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं, एवढंच खरं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे 1960 मध्ये खुनाचा गुन्हा सिद्ध होऊन जन्मठेप झाली. 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नानावटी बाहेर आले ते 1964 मध्ये, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिल्यामुळे. माफीने शिक्षा संपली. खुनाचा निष्कर्ष कोणत्याही न्यायालयाने मागे घेतला नाही.

राग अनावर झाल्याचं म्हणणं तर त्यांच्या बचावाचा मुख्य मुद्दाही नव्हता. झटापटीत रिव्हॉल्व्हरमधून चुकून गोळ्या सुटल्या, असं ते सांगत होते. न्यायालयाला ते पटलं नाही. मारले गेलेले आहुजा, म्हणजे बायकोचे प्रियकर, नुकतेच आंघोळ करून आले होते आणि तीन गोळ्या लागूनही त्यांच्या कमरेचा टॉवेल जागेवर होता. संतापाचा मुद्दा वकिलांनी पर्याय म्हणून मांडला, आणि तो का टिकला नाही हे नीट पाहायला हवं. 27 एप्रिल 1959 ची दुपार. बायकोने संबंधांची कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना गाडीतून सिनेमाला सोडलं. मग ते जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, तिथलं थोडं कार्यालयीन कामही उरकलं. तिथून आहुजांचं ऑफिस, आणि ते तिथे नाहीत म्हटल्यावर त्यांचा फ्लॅट. दीडच्या सुमारास घर सोडलेलं, गोळीबार चार वीसच्या सुमारास. कबुली ऐकताक्षणी तोल गेला असेल हे न्यायालयाने गृहीत धरलं. पण पुढच्या जवळजवळ तीन तासांत तो सावरायला पुरेसा वेळ होता आणि वागण्यात आखणी दिसत होती, असा निष्कर्ष काढला.

अचानक आणि गंभीर चिथावणीने स्वतःवरचा ताबा सुटला, तरच खुनाच्या व्याख्येतला हा संतापाचा अपवाद लागू होतो. चिथावणी स्वतः ओढवून घेतलेली असेल तर तोही नाही. अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. आणि सिद्ध झाला तरी कुणी घरी जात नाही: खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, ठरतो. मारण्याचाच हेतू असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 105 नुसार जन्मठेप, किंवा पाच ते दहा वर्षं कैद आणि दंड.

‘कायद्याला नवऱ्याचा संताप कळतो’ हे वाक्य मात्र साफ खोटं म्हणता येत नाही, आणि मला तेच जास्त खुपतं. जोडीदाराची बेवफाई ही चिथावणी ठरू शकते, ही वाट आपल्याकडे आजही खुली आहे. इंग्लंड आणि वेल्सने 2009 च्या कायद्यात जुना चिथावणीचा बचाव रद्द करून ताबा सुटण्याचा नवा बचाव आणला. त्यात निव्वळ बेवफाई हे कारण चालत नाही. इतर कारणांच्या जोडीला संदर्भ म्हणूनच तिचा विचार होतो. उलट, ताबा अचानकच सुटला पाहिजे ही अट काढली, कारण वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बायकांना ती आडवी येत होती. संतापाच्या एका झटक्यावर बेतलेला नियम ताकदवान माणसाला जास्त सोयीचा असतो, असं माझं ठाम मत आहे. 1 जुलै 2024 पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता ही नवी संहिता लागू झाली. तिच्या कलम 101 मध्ये हा अपवाद जवळपास जुन्याच शब्दांत उतरवला आहे. बेवफाई वगळण्याची संधी होती, ती घेतली गेली नाही.