मुळ्याच्या बियांचे पाणी आणि संत्र्याचा डिंक्या

नागपूर जिल्ह्यातील काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांमध्ये एक संदेश फिरत आहे: मुळ्याच्या बियांत ‘डिफेन्सिन’ हे बुरशीनाशक प्रथिन असते, ते बुरशीला भोके पाडते, आणि बिया वाटून, न तापवता, ते पाणी आळ्यात ओतले की डिंक्या (झाडाच्या बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) जातो व बोर्डो या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा खर्च वाचतो. यातले पहिले विधान खरे आहे, आणि त्याच्याच आधाराने बाकीची खपत आहेत.

‘तापवले की प्रथिन निकामी होते’ हा नियम येथे लागू पडत नाही. मुळ्याचे डिफेन्सिन अवघे 51 अमिनो आम्लांचे असते. त्यात एक सर्पिल आणि तीन पदरांची एक घडी असून सिस्टीन नावाच्या आठ अमिनो आम्लांच्या जोड्यांतून झालेले चार गंधक-बंध त्यांना असे जखडून ठेवतात की उकळत्या पाण्याच्या तापमानालाही ते काही मिनिटे तग धरते.

‘भोके पाडते’ हेही सरसकट खरे नाही. हे प्रथिन बुरशीच्या पेशीपटलातील ग्लुकोसिलसेरामाइड नावाच्या मेदरेणूला चिकटते. तो रेणू ज्या बुरशीत नसतो, उदाहरणार्थ पावाच्या यीस्टमध्ये, ती त्याला दाद देत नाही. रचनेतला फरक किती बारीक असावा? मुळ्याच्याच दोन डिफेन्सिनांत केवळ दोन अमिनो आम्लांचा भेद आहे, तरी दुसरे पहिल्यापेक्षा प्रभावी ठरते.

मुख्य अडचण पुढे आहे. डिंक्या ज्या फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो, तो खऱ्या बुरशींत मोडतच नाही. नात्याने तो तपकिरी शैवालांच्या जवळचा असून त्याची पेशीभित्तिका खऱ्या बुरशीसारखी मुख्यतः कायटिनची नव्हे, तर ग्लुकान व सेल्युलोजची असते. त्यामुळे बुरशीवरचा गुण त्याच्यावर गृहीत धरता येत नाही.

शिवाय या प्रथिनांचा प्रभाव कॅल्शियमसारख्या क्षारांच्या सान्निध्यात घटतो, आणि विदर्भाच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम मुबलक आहे. तिथल्या चिकणमातीचे कण ऋणभारित, तर हे प्रथिन धनभारित, म्हणजे बरेचसे मातीलाच चिकटून बसणार. बियांतून ते पाझरते ते बीजावरण फुटताना, अंकुराभोवतीच्या चिमूटभर मातीसाठी. अख्ख्या आळ्याला पुरावे, अशी ती तजवीजच नाही.

उलट बुंध्याशी ओतलेले पाणी रोगाच्याच पथ्यावर पडते, कारण फायटोफ्थोराचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. बुंधा कोरडा राहावा म्हणून दुहेरी आळ्याची शिफारस केली जाते ती याचसाठी.