फोडणीला वाजणारा अलार्म : १ स्टार देणाऱ्या ताईंना दुकानाकडून उत्तर

ताई नमस्कार. रिव्ह्यू वाचला, आधी राग आला, मग दुसऱ्यांदा वाचल्यावर उतरला कारण निम्मं तुमचं खरं आहे. बाकीच्यांसाठी सांगतो, ताईंचं म्हणणं असं की श्रावणात आमच्याकडून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ३ स्मोक अलार्म बसवून घेतले, फोडणी टाकली की पॅसेजमधला बोंबलतो, गणपतीत तर रोज आरतीला साथ द्यायला हजर, बेडरूममधला पहाटे ३ वाजता टिक टिक करत बसतो, आणि फोन केला तर आमच्या माणसाने सांगितलं बॅटरी काढून ठेवा. शिवाय किचनमध्ये बसवायला आम्ही नाही म्हणालो, आणि ऑनलाइन हेच निम्म्या किमतीत मिळतं.

आधी बॅटरीचं. फोनवर आमचाच पोरगा होता आणि त्याने सांगितलं ते साफ चूक. त्याला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. बॅटरी काढलेला अलार्म म्हणजे छताला चिकटवलेली प्लास्टिकची बशी. लोकांना वाटतं की धूर झाला तर वासाने जाग येईलच की, पण गाढ झोपेत वासाचा भरवसा नसतो, आवाजानेच जाग येते, म्हणून तर हे ३ मीटरवरून ८५ डेसिबलने किंचाळतं. चार्जर, इन्व्हर्टर, गादीवर पडलेली उदबत्ती, असल्या आगी रात्री ज्वाळेविना तासनतास धुमसत राहतात.

टिक टिक म्हणजे बॅटरी उतरत आल्याची खूण, मिनिटाला एकदोनदा होते. पहाटेच का, तर तेव्हा घर सगळ्यात गार असतं, आणि गारव्यात उतरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज आणखी पडतो, सकाळी ऊन आलं की परत गप्प, म्हणून तुम्हाला वाटलं मशीनला भूत लागलंय. आता बॅटरी २ महिन्यांत कशी उतरली, ती पण आमचीच चूक, मी बिल काढून बघितलं. अल्कलाइन घालायच्या ऐवजी काउंटरवरच्या साध्या ९ व्होल्टच्या घातल्यात. बदलून देतो, पैसे नाहीत.

पण फोडणीचं मात्र मी मान्य करणार नाही, म्हणजे अर्धं करीन. अलार्म खराब नाहीये, जागा चुकलीये. गॅसपासून किमान ३ मीटर लांब पाहिजे, आणि तुमचा पॅसेजमधला किचनच्या दारापासून जेमतेम ५ फुटांवर आहे, शिवाय त्याच्या खालीच देवघर! फोटो मी बघितला. तिथेच लावा असं तुम्ही म्हणालात हे खरं, पण नाही म्हणायचं काम आमचं होतं, गिऱ्हाईक म्हणेल तिथे ड्रिल मारायला आम्ही कॅलेंडर थोडंच लावतोय. हा फोटोइलेक्ट्रिक आहे, म्हणजे आत काळोख्या डबीत एक लाइट आणि बाजूला सेन्सर, धूर शिरला की उजेड विखुरतो आणि सेन्सरवर पडतो. धुमसणारी आग हा लवकर पकडतो. दुसरा आयोनायझेशनचा येतो, त्यात अमेरिशियम नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ अगदी कणभर असतो, तो भडकलेल्या आगीला चटकन वाजतो पण स्वयंपाकाला त्याहून चटकन, तो दिला असता तर तुम्ही १ स्टार पण दिला नसता. धूप, मिरचीची फोडणी, बाथरूमची वाफ, धूळ, हे सगळं तुमच्याकडच्या अलार्मच्या सेन्सरलाही धूरच वाटतं, त्याला आरती आणि आग यातला फरक कळायला तो काही पुणेकर नाही.

किचनमध्ये नाही म्हणालो ते याचसाठी. आग तिथेच लागते हे बरोबर, पण तिथे हीट अलार्म लावतात, ५७ डिग्रीच्या आसपास वाजणारा, त्याला फोडणीशी देणंघेणं नाही. आणि गॅस लीक झाला तर यातला एकही वाजत नाही हां, त्याचं यंत्र वेगळं. सिलिंडरचा गॅस जड म्हणून ते जमिनीजवळ लावायचं, पाइपलाइनचा हलका म्हणून वर छताजवळ.

न्यू जर्सीला मुलाकडे कधी वाजत नाही असं लिहिलंय. ताई, तिथल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, पुऱ्या तळताना टॉवेल हलवत अलार्मखाली कोण उभं असतं ते.

किमतीचं, ऑनलाइन स्वस्त मिळतो, घ्या की, माझी काही हरकत नाही. फक्त मागे बनवल्याची तारीख बघा आणि ईएन १४६०४ नाहीतर यूएल २१७ लिहिलंय का ते, ही स्मोक अलार्मची युरोपची आणि अमेरिकेची मानकं. १० वर्षांनी कितीही चालू दिसला तरी फेकायचा, सेन्सर म्हातारा होतो, त्यामुळे ४ वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला स्वस्तातला घेतला तर तुम्ही ६ वर्षांचाच घेतलात.

आणि एक, रिव्ह्यूत नाही पण फोटोत दिसलं म्हणून सांगतो. हॉलमधला पंख्याला अगदी खेटून बसलाय, पात्यापासून ३ फूट तरी लांब पाहिजे, नाहीतर वाऱ्याने धूर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दिवाळीचा रंग काढणार असाल तर त्याच्यावर ब्रश मारू देऊ नका, पिशवी बांधा, आणि काम झालं की आठवणीने काढा, ही पिशवी वर्षभर तशीच राहिलेली घरं मी बघितलीयेत. अधूनमधून व्हॅक्यूमचा मऊ ब्रश बाहेरून फिरवायचा, ओलं फडकं नको. टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबायचं, आमच्या घरी लाइट बिल आलं की दाबतो, नाहीतर कोण लक्षात ठेवतंय.

शनिवारी सकाळी ११ ला मी स्वतः येतो, पोराला पण घेऊन. पॅसेजमधला बेडरूमच्या दाराकडे सरकवू, हॉलमधला पंख्यापासून हलवू, जुनी भोकं पुट्टी भरून बुजवून देऊ, या सगळ्याचा चार्ज नाही. हीट अलार्म हवा असेल तर त्याचे पैसे पडतील, ते आधीच सांगतो. तरी नको वाटलं तर तिन्ही परत घेऊन जातो, पूर्ण रिफंड. स्टारचं तुमचं तुम्ही बघा. फक्त काढून ठेवलेल्या बॅटऱ्या आज रात्री झोपायच्या आधी परत घाला, बेडरूमचा टिक टिक करेल, पण चारच रात्री सहन करा.