भगंदर, बोटाची तपासणी आणि एक फॉरवर्ड

'भगंदर असेल तर डॉक्टरांना बोट घालून तपासू देऊ नका. ती जुनाट, जीवघेणी पद्धत आहे. फोटो पाठवा, थेट एमआरआय काढा. तोंड बुजलं की आजार गेला.' व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मजकुराचा हा गोषवारा.

भगंदर म्हणजे गुदमार्गाच्या आतून गुदद्वाराजवळच्या कातडीपर्यंत पडलेली नळी; तिचं एक तोंड आत, एक बाहेर. आता आधी फोटो. त्यात दिसतं ते फक्त बाहेरचं तोंड, म्हणजे पू झिरपणारी पुळी. बहुतेक भगंदरांची सुरुवात गुदमार्गाच्या आत, तिथल्या बारीक ग्रंथींत पू होऊन झालेली असते. ते आतलं तोंड सापडलं नाही, तर उपचार अर्धवट राहतो. शिवाय पायलोनायडल सायनस (माकडहाडाजवळ केस रुतून होणारी पुळी) किंवा घामाच्या जागी वारंवार होणारी गळवंही फोटोत अशीच दिसू शकतात.

'जुनाट' म्हणतात त्या तपासणीत होतं काय? रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. तोंडं किती, गुदद्वारापासून किती लांब, जुन्या शस्त्रक्रियेचे व्रण आहेत का, हे पाहतात. त्वचेवरून बोट फिरवलं की वरवरची नळी दोरीसारखी हाताला लागते. मग जेली लावून बोट आत. आतल्या तोंडाशी अनेकदा छोटासा कडकपणा जाणवतो. लंडनचे शल्यचिकित्सक गुडसॉल यांनी 1900 मध्ये मांडलेला आडाखा इथे उपयोगी पडतो: बाहेरचं तोंड मागच्या बाजूला असेल, तर नळी वळण घेऊन मागे मध्यरेषेत उघडते, पुढच्या बाजूला असेल, तर सरळ आत जाते. पुढच्या बाजूबाबत तो बऱ्याचदा फसतो, म्हणून आडाखाच म्हणायचा.

शेवटी डॉक्टर सांगतात, 'आवळून धरा.' शौच रोखणाऱ्या स्नायूत जोर किती, हे त्यातून कळतं. नळी कापताना किती स्नायू कापला तर चालेल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. एमआरआय स्नायूचं चित्र दाखवतो, जोर नाही.

म्हणजे एमआरआय नको, असं मुळीच नाही. पुन्हा उद्भवलेलं, फाटे फुटलेलं किंवा क्रोन्सच्या आजारातलं (आतड्याला दीर्घकाळ सूज येणारा आजार) भगंदर असेल तर तो हवाच. पण तपासणीनंतर, तिच्या जागी नव्हे.

'जीवघेणी' या शब्दात थोडं तथ्य आहे. आत पू साठून ठणका लागला असेल, तर बोट रेटणं चूकच. मग भूल देऊन तपासतात. ओपीडीत नळीची वाट शोधायची बारीक सळई जोराने घातली तर नवीच खोटी वाट पडू शकते. अशा वेळी 'थांबा' म्हणायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. बाई रुग्ण असेल तर सोबत नर्स हवी, ती मागून घ्यावी.

राहिलं तोंड बुजणं. वरची कातडी जुळते, आत पू साठतो आणि काही दिवसांनी तिथेच किंवा शेजारी फुटतो. अशी अनेक तोंडं असतील तर आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो, आणि त्यासाठी तुकडा काढून तपासायला पाठवतात.