डेलीने केनेडीला अध्यक्ष केले? बेरीज-वजाबाकी करून बघा

अमेरिकेतल्या निवडणुकांचा विषय निघाला की कुणीतरी हे हमखास ढकलतो: १९६० साली शिकागोचा डेमोक्रॅट महापौर रिचर्ड डेली याने मेलेल्यांची मते टाकून इलिनॉय राज्य पळवले, म्हणून त्याच्याच पक्षाचा केनेडी अध्यक्ष झाला, आणि रिपब्लिकन निक्सनने देशहितासाठी निमूट हार पत्करली.

आधी आकडे. केनेडीला ३०३ निर्वाचक मते (प्रत्येक राज्याच्या वाट्याची मते, बहुधा राज्य जिंकणाऱ्यालाच सगळी), निक्सनला २१९. जिंकायला २६९ पुरेशी. इलिनॉयची २७ मते उचलून निक्सनच्या पदरात टाका. केनेडी २७६, निक्सन २४६. अध्यक्ष केनेडीच! निकाल फिरवायला जोडीला टेक्सससारखे राज्य हवे होते. तिथे केनेडी सुमारे ४६ हजारांनी पुढे होता आणि डेलीचा हात काही तिथवर पोचत नव्हता.

मग इलिनॉय तरी चोरले का? फरक होता ४७ लाखांवर मतांमागे अवघा ८,८५८. शिकागोत गडबड झालीच नाही असे भाबडाच म्हणेल. तीन निवडणूक कर्मचाऱ्यांनी पुढे गुन्हा कबूल करून तुरुंगवास भोगला. पण कुक काउंटीतल्या, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येते तिथल्या, फेरमोजणीत निक्सनची मते वाढली ती ९४३. फेरमोजणी अर्धवट होती हे खरे, शिवाय मतपत्रिका बघून मतदार जिवंत की मेलेला हे कळत नाही. तरीही राज्याच्या निवडणूक मंडळाने, तिथे रिपब्लिकनांचे बहुमत असताना, केनेडीच्याच बाजूने शिक्का मारला.

खरी मेख वेगळीच आहे. मतदानाच्या दिवशी डेलीच्या डोळ्यात खुपत होता बेंजामिन ॲडमोव्स्की, काउंटीचा सरकारी वकील. मूळचा डेमोक्रॅट, १९५५ मध्ये महापौरपदाच्या उमेदवारीसाठी डेलीशी भिडलेला, नंतर रिपब्लिकन झालेला. १९६० च्या जानेवारीत त्याच्या कार्यालयाने समरडेल प्रकरण बाहेर काढले: पोलीसच एका घरफोड्याला साथ देत होते, चोरीचा माल पोलिसांच्या गाड्यांतून जात होता. डेलीला पोलीसप्रमुख बदलावा लागला. असा माणूस आणखी चार वर्षे खटले भरत बसणे परवडणार होते का? ॲडमोव्स्की त्याच निवडणुकीत पडला. शिकागोच्या बॉसला व्हाइट हाउसपेक्षा ती खुर्ची जवळची होती.

'निमूट हार' हेही अर्धसत्यच. निक्सन स्वतः गप्प राहिला, पण पक्षाध्यक्ष थ्रस्टन मॉर्टन आणि मंडळी फेरमोजण्या मागत, कोर्टात जात राहिली.

शिवाय मेलेल्यांच्या मतांवर कुणी २१ वर्षे महापौर राहत नाही. डेलीची मते जिवंत माणसांची होती आणि ती नोकरीतून येत. पालिकेत चिकटायचे तर वॉर्डाच्या पक्षनेत्याची चिठ्ठी लागे. चिकटलेला माणूस आपल्या भागात प्रिसिंक्ट कॅप्टन, म्हणजे एका मतदान केंद्रापुरत्या भागाचा पक्षाचा माणूस, म्हणून दारोदार फिरे: कुणाची कचरापेटी, कुणाच्या झाडाची फांदी, कुणाच्या मुलाचे काम. मतदानाला त्याच घरांची हजेरी घेई. मते घटली तर त्याचीच नोकरी धोक्यात. महापौर असताना पक्षाची काउंटी समितीही डेलीच्याच हातात, त्यामुळे दाद मागणार कुणाकडे?

त्या चिठ्ठीवरच मायकेल शॅकमन या वकिलाने १९६९ मध्ये दावा लावला. १९७२ च्या आदेशाने राजकीय कारणावरून कर्मचाऱ्याला काढायला बंदी आली. नोकरी देतानाची चिठ्ठी बंद व्हायला १९८३ उजाडले. डेली १९७६ मध्येच वारला, महापौर असतानाच.